पेटीवरचं बोलणं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या गावच्या सरपंच माननीय हेमाताई, व्यासपीठावरचे आदरणीय केंद्रप्रमुख साहेब, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष सलिलभाऊ, उपाध्यक्ष संदेशभाऊ, माझ्या जागी शाळेचा कारभार पाहणाऱ्या वैदेही मॅडम, वरच्या वाडीतून आणि बौद्धवाडीतून कामंधामं टाकून आलेले ग्रामस्थ, आणि बाईंचं भाषण कधी संपतंय नि वडापाव कधी मिळतोय याची सतरंजीवर बसून वाट बघणारी माझी मुलं, सगळ्यांना नमस्कार.

सत्काराला उत्तर द्यायची पद्धत आहे म्हणून उभी राहिले. हेमाताई, ही शाल जरा खुर्चीवर काढून ठेवली तर राग मानू नका. शाल सुरेख आहे. पण आपल्याकडे नोव्हेंबरातसुद्धा पंख्याखाली घाम फुटतो, आणि शाल पांघरलेला माणूस सत्कारमूर्ती कमी आणि तापानं फणफणलेला जास्त दिसतो. नारळ मात्र घरी नेणार. उद्या सोलकढी करायची आहे, आणि उद्यापासून ती करायला सकाळचा वेळ आहे.

माझ्या आधी जे जे बोलले त्यांनी माझं खूप कौतुक केलं. शिस्तप्रिय, कर्तव्यदक्ष आणि मनमिळाऊ. इतकी वर्षं नोकरीत काढली, किती तरी निरोप समारंभांना बसले, प्रत्येक निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला हे तीन शब्द मिळालेले मी ऐकले आहेत. जो वर्गात झोपायचा त्यालाही मिळाले. त्यामुळे ते ऐकून मी फार हुरळून गेले नाही. आभार मात्र मनापासून मानते, कारण एवढं बोलायला तुम्हाला किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे. गेल्या महिन्यापासून आपल्यात काय घडलंय ते इथं सतरंजीवर बसलेल्या पहिलीच्या पोरालाही माहीत आहे. आणि इतकी भाषणं झाली, पण त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

काल वैदेही मॅडम मला म्हणाल्या, "बाई, उद्या गोड बोला हं. तो विषय नको." त्या आत्ताही डोळे मोठे करून माझ्याकडे बघतायत. मॅडम, तुमचं चुकलं नाही. तुम्हाला इथं राहायचंय, मला जायचंय. पण मी थकले आहे हो. खोटं गोड बोलायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि तेवढा आता उरलेला नाही. तेव्हा जे आहे ते सांगते. तुम्ही सगळे इतक्या वर्षांच्या ओळखीचे आहात, ऐकून घ्याल.

सोमवारी, मी नसताना, समितीची सभा आहे. सभेपुढं एकच ठराव आहे. शाळेत धर्म, जात आणि राजकारण या विषयांवर मुलांची कसलीही चर्चा किंवा वाद घेऊ नये, आणि शनिवारची सभा कायमची बंद करावी. हा ठराव सलिलभाऊंनी मांडायचा आणि संदेशभाऊंनी त्याला अनुमोदन द्यायचं, असं ठरलेलं आहे. वरच्या वाडीनं मांडलेल्या गोष्टीला बौद्धवाडीनं अनुमोदन दिल्याचं मी या गावात आल्यापासून पहिल्यांदाच ऐकतेय. पाण्याच्या टाकीच्या वेळी झालं नाही, रस्त्याच्या वेळी झालं नाही. गावात एकी झाली ती माझ्यामुळे, एवढं समाधान घेऊन मी निवृत्त होतेय. हसा, हसा. मीसुद्धा घरी एकटीच हसले होते.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांना शनिवारची सभा म्हणजे काय ते माहीत नसेल, म्हणून सांगते.

मी या शाळेत आले त्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक होती. सातवीत दोन पोरं होती, दोघांचे बाप दोन पॅनेलांतून उभे. मधल्या सुट्टीत पोरांनी एकमेकांच्या शर्टाची बटणं तोडली. मी दोघांना वर्गात आणलं. ओरडायचा कंटाळा आला होता. कोपऱ्यात आंब्याची रिकामी पेटी पडली होती, लाकडी. कोणीतरी मे महिन्यात शाळेला आंबे पाठवले होते, ते मुलांनी खाल्ले आणि पेटी राहिली. मी एकाला त्या पेटीवर उभं केलं आणि म्हटलं, "आता तू याच्या बाबांसाठी मतं माग. त्यांना का निवडून द्यायचं ते सांग. नीट सांगितलंस तरच खाली उतरायचं." पोरगं आधी तुटलेल्या बटणाचा दोरा ओढत राहिलं. मग हसलं. मग म्हणालं, "याचे बाबा रात्री कोणाला साप चावला तर रिक्षा काढतात. भाडं घेत नाहीत." पेटीखाली उभा असलेला दुसरा एकदम रडायलाच लागला. आपल्या बापाबद्दल असं कोणी चांगलं बोलताना त्यानं त्या महिन्यात ऐकलंच नव्हतं.

तिथून शनिवारची सभा सुरू झाली. शेवटचे दोन तास, सातवीचा वर्ग आणि ती पेटी. घरी जे ऐकलं असेल त्याच्या उलट बाजू पेटीवर चढून मांडायची, आणि ती मनापासून मांडायची, टवाळी करायची नाही. मग खाली उतरायचं आणि स्वतःचं म्हणणं सांगायचं. ते वेगळं असेल, तेच असेल, अर्धं अर्धं असेल, काहीही चालतं. पेटीवर कोण काय बोललं यावरून कोणी कोणाला चिडवायचं नाही. हा नियम मी केला नव्हता, मुलांनीच केला. "पेटीवरचं पेटीवर," असं ती एकमेकांना बजावायची.

कारखाना यावा की येऊ नये यावर आमची सभा झाली. ज्याच्या घरची आंब्याची कलमं जाणार होती तो पोरगा कारखान्याच्या बाजूनं बोलला. ज्याचा भाऊ नोकरीची वाट बघत घरी बसला होता तो कलमांच्या बाजूनं. देवळाच्या स्पीकरवर झाली, मशिदीच्या भोंग्यावर झाली, आरक्षणावर झाली. साहेब, तुम्ही दचकू नका, तुमच्या आधीच्या साहेबांना माहीत होतं. ते एकदा मागच्या बाकावर बसून ऐकूनसुद्धा गेले. जाताना म्हणाले, "बाई, हे सगळं ठीक आहे, पण कागदावर आणू नका." मी आणलं नाही. वर्षानुवर्षं काही झालं नाही. आता वाटतं, काही झालं नाही म्हणून मी निर्धास्त झाले.

आता गेल्या महिन्याचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्या शाळेत पाटीपूजन असतं. मुलं पाटीवर एकाचे आकडे जोडून जोडून सरस्वती काढतात, फुलं वाहतात, गूळ-खोबरं खातात. सातवीची पोरं आता पाटी वापरत नाहीत, पण त्या दिवशी धाकट्या भावंडाची मागून आणतात. आणि त्याच दिवशी बौद्धवाडीतली मुलं घरी राहतात. कोणी त्यांना येऊ नका म्हणत नाही, कोणी या म्हणत नाही. वर्षानुवर्षं असंच चाललेलं आहे. दसऱ्याच्या सुट्टीनंतर वर्गात कोणी काही विचारत नाही.

मी स्वतः हेदवीकडच्या बौद्धवाडीतली. दशभुज गणपतीच्या जत्रेला अख्खा गाव लोटायचा तिथली. वडील गंगाराम तांबे मुंबईला कामाला, घरी आई, सुंदराबाई. दुसरीत असताना मी पाटीवर सरस्वती काढली होती. गुरुजींनी ती सगळ्या वर्गाला फिरवून दाखवली. घरी जाऊन आईला दाखवली. आई म्हणाली, "झ्याक काढलंस गो. आता पूस." मी पुसली. आईचं मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. पण गुरुजी पाटी फिरवत होते तेव्हा मला किती आनंद झाला होता, तेही मी विसरलेले नाही. म्हणून या विषयावर बाईंची बाजू कोणती, असं मुलांनी विचारलं की मी म्हणायचे, तुम्ही बोला, मी ऐकते. टाळाटाळ नव्हती ती. खरंच मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर यंदा सप्टेंबरात तेजलनं वर्गात हात वर केला. आपल्या संदेशभाऊंची मुलगी. विचारलंन, "बाई, त्या दिवशी आमी घरी का ऱ्हातो?" तसं बघितलं तर सरळ प्रश्न. मी त्याचं उत्तर दिलं असतं तर ते माझं उत्तर झालं असतं. रेणुका तांबे बाई असं म्हणाल्या, म्हणजे का म्हणाल्या, ते तुम्ही सगळ्यांनी ताबडतोब ओळखलं असतंत. म्हणून मी म्हटलं, हा शनिवारचा विषय. शाळेत पाटीपूजन असावं की नसावं.

नियमाप्रमाणे तेजल असावं या बाजूनं उभी राहिली. सलिलभाऊंचा शुभंकर नसावं या बाजूनं. दोघांनी आठवडाभर तयारी केली. तेजल शुभंकरच्या आईकडे जाऊन विचारून आली, तुम्ही फुलं का वाहता म्हणून. शुभंकर बौद्धवाडीत जाऊन आला. सलिलभाऊ, तुम्हाला हे माहीत होतं का? तो तिथं जेवूनही आला, सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकरी.

शनिवारी तेजल पेटीवर चढली. म्हणाली, "ड्रायव्हर गाडीला हार घालतो. सुतार हत्यारांना फूल ठेवतो. आम्हाला सगळ्यांत जास्त पाटीनं दिलं. माझ्या आजीला पाटी मिळाली असती तर ती आज बसचा बोर्ड वाचू शकली असती. जिच्यामुळे एवढं मिळतं तिच्यापुढं फूल ठेवलं तर काय बिघडलं?" मुलीनं जीव तोडून मांडलं. मग शुभंकर चढला. म्हणाला, "देवीसाठी आमच्या घरी देवघर आहे, वाडीत देऊळ आहे, बाजूला अजून एक देऊळ आहे. देवीला जागा पुष्कळ आहेत. तेजलला शाळा एकच आहे. तिला ज्या दिवशी घरी बसावं लागतं, त्या दिवशी ती शाळा अर्धीच भरली."

मी फळ्यापाशी उभी होते. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत वाटलं, चला, काहीतरी जमलं.

आणि खिडकीत नितेश उभा होता. सलिलभाऊंचा चुलतभाऊ, आपला नितेश, ज्याचं हातखंब्याला दुकान आहे. तो शुभंकरचा विसरलेला डबा द्यायला आला होता. पुतण्या बोलतोय म्हणून त्यानं कौतुकानं मोबाईल काढला. नितेश, मागे दाराशी उभा आहेस, दिसतोयस मला. तुझ्या मनात वाईट नव्हतं, हे मी साहेबांच्या चौकशीतसुद्धा सांगितलंय. दोघांचं पेटीवरचं बोलणं त्यानं टिपलं आणि दुकान उघडायची घाई म्हणून निघून गेला. मुलं खाली उतरली, आपापलं बोलली, मग सगळ्या वर्गानं मिळून ठरवलं की ज्याला फूल ठेवायचं त्यानं ठेवावं, ज्याला नाही त्यानं पाटी स्वच्छ धुऊन पुसून मांडावी, पण त्या दिवशी घरी मात्र कोणीच राहायचं नाही. तेवढं ऐकायला नितेश नव्हता, आणि त्याच्या मोबाईलमध्येही ते नव्हतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळपर्यंत त्या व्हिडिओचे दोन तुकडे झाले. वरच्या वाडीच्या ग्रुपवर शुभंकर, शाळेत देवी नको म्हणताना. बौद्धवाडीच्या ग्रुपवर तेजल, देवीला फूल ठेवा म्हणताना. मग ते रत्नागिरीत फिरलं, मुंबईत चाकरमान्यांकडे गेलं, तिथून परत आलं. परत येताना त्याच्यावर काय काय लिहून आलं ते मी मुलांसमोर वाचून दाखवू शकत नाही.

सोमवारी सकाळी मी शाळेचं कुलूप काढते तर दोन्ही वाड्या पडवीत हजर. बाक एकच, त्यामुळे सगळे दाटीवाटीनं एकाच बाकावर बसलेले. सलिलभाऊ म्हणाले, "बाई, आमच्या मुलाला देवाविरुद्ध बोलायला तुम्ही शिकवलंत? तुमच्या समाजाचं तुमच्यापाशी ठेवा ना." मी उत्तर देणार तेवढ्यात संदेशभाऊ म्हणाले, "आणि माझ्या पोरीच्या तोंडात ह्ये कोनी घातलान? बाई, तुमी आमच्यातल्या असून?" मी म्हटलं, तुम्ही दोघं आधी एकमेकांशी बोला. तुमच्या तक्रारी एकमेकींच्या उलट आहेत. दोन्ही खऱ्या असतील तर मी एकाच तासाला सरस्वतीची भक्तही होते आणि विरोधकही होते. कोणी हसलं नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघं एकदमच म्हणाले, "ते काही नाही, सभा बंद करा."

साहेबांनी चौकशी केली. साहेब, तुम्ही सौजन्यानं वागलात, मी विसरणार नाही. मी खुलासा दिला. निकाल लागेपर्यंत सभा स्थगित झाली. आणि पाटीपूजनाच्या दिवशी काय झालं, तर यंदा दोन्ही वाड्यांनी पोरं घरी ठेवली. एकही मूल आलं नाही. आम्ही शिक्षिका आणि खिचडी शिजवणाऱ्या आमच्या येसूबाई, एवढ्याच जणी. येसूबाई दारात येऊन म्हणाल्या, "बाय, तांदूळ किती टाकू?" मग स्वतःच तांदूळ परत डब्यात ओतून आल्या.

मला शिव्या मिळाल्या त्याचं काही नाही. गावागावात निवडणुकीच्या ड्युट्या केल्यात, घरोघर जनगणना केलीय, शिव्यांची सवय आहे. पण तेजलचं सांगते. ही मुलगी पहिलीपासून वर्गात सगळ्यांच्या आधी बोलायची. हजेरीला "हजर बाई" असं म्हणायची की बाहेर झाडावरचे कावळे उडायचे. त्या सोमवारपासून ती हजेरीला नुसता हात वर करते. प्रश्न विचारला तर वहीत लिहून दाखवते. उत्तर बरोबर असतं. पण तोंड उघडत नाही. मी विचारलं, काय झालं बाळा, तर मान हलवली. नंतर तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, वाडीत तिला येता-जाता लोक विचारतात, "तू कोनाची गो? आमची का त्यांची?"

इथपर्यंत मी फक्त झालेलं सांगितलं. आता सोमवारच्या ठरावाबद्दल बोलते. मी गेला महिनाभर यावर खूप विचार केला आहे, आणि आज मी त्या ठरावाच्या बाजूनं बोलणार आहे.

हो, बरोबर ऐकलंत. बाजूनं.

मंडळी, मूल घरी ज्यांच्या हातचं जेवतं, त्यांच्या मनाविरुद्ध बोलायला त्याला शाळेनं उभं करणं, यात एक निर्दयपणा आहे. शिक्षकाची बदली होते, तो निवृत्त होतो, शाल घेऊन निघून जातो. मूल इथंच राहतं. त्याच पाखाडीनं त्याला रोज यायचं-जायचं असतं, त्याच विहिरीवर, त्याच लग्नांत. धाडस शिकवणं सोपं आहे हो, त्याची किंमत दुसऱ्यानं भरायची असेल तर. पूर्वी वर्गातलं बोलणं वर्गात राहत होतं. आता प्रत्येक खिशात कॅमेरा आहे. बारा वर्षांच्या मुलीचं वाक्य ती साठ वर्षांची होईपर्यंत कुठं ना कुठं फिरत राहील, आणि ते मागे घ्यायची सोय तिला नाही. दुसरं. दोन वाड्यांच्या मधे आज एकच जागा अशी आहे जिथं सगळी मुलं एका पंगतीत बसून जेवतात. ती म्हणजे ही शाळा. इंग्रजी शाळेची पिवळी गाडी आपल्या नाक्यापर्यंत आलेलीच आहे. या भांडणापायी दहा मुलं जरी त्या गाडीत चढली, तरी पट कमी होऊन शाळेला कुलूप लागेल. मग तो वाद कोण करणार आणि कुठं करणार? आईबाप आपल्या लेकरांचे पहिले शिक्षक आहेत. देव, धर्म, मत, हे त्यांनी घरी शिकवावं. शाळेनं गणित शिकवावं, भाषा शिकवावी, मुलांना एकत्र जेवू घालावं, आणि संध्याकाळी जशी आली तशी सुखरूप घरी पाठवावं. एवढं केलं तरी शाळेनं खूप केलं. म्हणून माझी समितीला हात जोडून विनंती आहे, सोमवारी हा ठराव एकमतानं मंजूर करा.

धन्यवाद. धन्यवाद. पुरे आता टाळ्या. संदेशभाऊ, तुम्ही तर उभे राहिलात, बसा. सलिलभाऊंच्या डोळ्यांत पाणी दिसतंय. संध्याकाळभरात एवढ्या मोठ्या टाळ्या पहिल्यांदाच पडल्या, माझ्या कर्तव्यदक्षतेलासुद्धा पडल्या नव्हत्या. मोठ्यांच्या टाळ्या. मुलं मात्र कोणी वाजवत नाहीत, बघितलंत? सगळी सातवी गप्प बसलीय आणि एकमेकांकडे बघून हसतेय. त्यांना कळलंय मी काय करतेय ते. ती वाट बघतायत, बाई खाली कधी उतरतात याची.

उतरते. नितेश, आत्ताचा एवढाच तुकडा ग्रुपवर टाकलास तर उद्या सकाळपर्यंत जिल्ह्याला कळेल की तांबे बाईंनी शेवटच्या दिवशी सगळं मान्य केलं. वाक्यं माझीच असतील, आवाज माझाच असेल, आणि ते साफ खोटं असेल.

मला ही सभा चालू राहायला हवी आहे. याच शाळेच्या याच खोलीत आपण सगळे मतदान करतो. या भिंतींना पक्षांची चिन्हं चालतात, या पटांगणात प्रचाराच्या गाड्या उभ्या राहतात, मोठ्यांची भांडणं इथं चालतात. इथं फक्त मुलांनी बोलायचं नाही? घरी, ग्रुपवर, वाडीत त्यांना दिवसरात्र एकच बाजू ऐकायला मिळते. दुसरी बाजू स्वतःच्या तोंडानं बोलून बघायची जागा ही एवढीच आहे. पण आत्ता ठरावाच्या बाजूनं बोलताना एक गोष्ट मला नव्यानं समजली, हेही सांगते. आईबापांची भीती खरी आहे. सलिलभाऊ, संदेशभाऊ, महिनाभर मी तुम्हाला मनातल्या मनात अडाणी म्हणत होते. तुम्ही अडाणी नाही आहात, तुम्ही घाबरलेले आहात. हे मला आजवर कळलं नव्हतं. आज तुमच्या बाजूनं बोलावं लागलं म्हणून कळलं. ही सभा यासाठी असते.

माझं एक ठीक आहे. मी अठ्ठावन्न वर्षांची बाई आहे, पाच मिनिटं तुम्ही मला चुकीचं समजलात तर मी हसून माझं मी सांगू शकले, आणि तुम्ही ऐकून घेतलंत. तेजल बारा वर्षांची आहे. तिला कोणी खाली उतरूच दिलं नाही. महिना झाला, ती पोर अजून त्या पेटीवरच उभी आहे.

खाली उतरल्यावर ती वर्गात काय म्हणाली, ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. शुभंकर काय म्हणाला तेही. पण ते मी सांगणार नाही. ते सांगायचा हक्क त्यांचा आहे. संदेशभाऊ, मुलगी तुमच्या घरात आहे. आज रात्री जेवताना तिला एवढंच विचारा, बाय, खाली उतरल्यावर तू काय म्हणालीस? आणि मग ती बोलेपर्यंत थांबा. वेळ लागला तरी थांबा. सलिलभाऊ, तुम्हीही विचारा. ते ऐकून घ्या आणि मग सोमवारी ठरावाचं काय करायचं ते करा. मंजूर केलात तरी माझी तक्रार नाही. न विचारता करू नका.

अध्यक्ष महोदया, वेळ फार घेतला. आयोजकांची, स्वयंपाकघरात ताटकळलेल्या येसूबाईंची, माईकवाल्या दादांची आणि तुम्हा सर्वांची मी ऋणी आहे. वैदेही मॅडम, गोड बोलायचं राहून गेलं, तेवढं पदरात घ्या. बोलण्याच्या ओघात कोणाला लागलं असेल, काही कमी-जास्त निघून गेलं असेल, तर ते सगळं माझ्या नावावर लिहा. मुलांच्या नावावर काही लिहू नका.